तारखेच्या आधी

सकाळी पावणेआठ

सोमवार नव्या पेशंटचा. ओपीडी नऊला सुरू होते, पण मी पावणेआठलाच पोचते, कारण काटा तपासायचा असतो. आमचा काटा ३०० किलोपर्यंतचा आहे. जमिनीलगत बसवलेला, चढायला पायरी नाही, धरायला दोन्ही बाजूंना दांडे. घरातले काटे बहुधा १५० किलोला थांबतात, त्यामुळे त्यापुढच्या माणसाला आपलं खरं वजन कित्येक वर्षं ठाऊकच नसतं. कुणी भुसार मालाच्या दुकानातल्या काट्यावर उभं राहून आलेलं असतं आणि ते सांगताना त्याची मान खाली जाते. म्हणून हा काटा बाहेरच्या गर्दीत नको, दार लावता येईल अशा खोलीत हवा, असा मी हट्ट धरला होता. आता तो तसाच आहे.

खोलीतल्या खुर्च्या बिनहाताच्या आणि रुंद आहेत. रक्तदाब मोजायचे पट्टे तीन मापांचे आहेत. जाड दंडाला नेहमीचा लहान पट्टा गुंडाळला तर रक्तदाब असतो त्यापेक्षा जास्त दिसतो, आणि मग नसलेल्या आजाराच्या गोळ्या सुरू होतात. मी शिक्षणानं आहारतज्ज्ञ, आणि पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात बॅरिॲट्रिक विभागाची समन्वयक. वजनाच्या ऑपरेशनसाठी कुणी सर्जन शोधायला निघालं असेल, तर त्याला मी सांगते की केबिनमध्ये जाण्याआधी बाहेरच्या खुर्च्या बघा. तुम्हाला बसता येईल अशी एकही खुर्ची जिथे नाही, तिथे तुमच्यासारख्या माणसांचा रोजचा राबता नाही.

सव्वाआठ

वॉर्डात शनिवारी ऑपरेशन झालेले दोघं आहेत. दोघांनाही त्याच संध्याकाळी उठवून चालवलं होतं. पायांत अजून घट्ट मोजे आहेत, कारण या ऑपरेशनात जितकी भीती टाक्यांची, तितकीच पायात रक्ताची गुठळी होण्याची. औषधाच्या ३० मिलिलिटरच्या मापातून पाणी चाललंय, घोट घोट. एका काकांची तक्रार आहे की पोट दुखत नाही, खांदा दुखतोय. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यानं छाती-पोटामधला पडदा चाळवतो आणि कळ खांद्यात उठते. दोन फेऱ्या जास्त मारा म्हटलं, ओसरेल.

आज घरी जाताना दोघांनाही कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायचं आहे: नाडी मिनिटाला १२० च्या वर राहिली किंवा ताप आला, तर पोट दुखत नसलं तरी थेट कॅज्युअल्टीत या. जठराच्या शिवणीतून गळती झाली तर ती पुष्कळदा आधी नाडीतच कळते.

नऊ

रिसेप्शनवरून फोन माझ्याकडे वळू लागतात. पहिला प्रश्न खर्चाचा. दुसरा, किती किलो उतरेल. मग थोड्या हळू आवाजात, ‘म्हणजे चरबी काढून टाकणार ना?’

नाही. चरबी ओढून काढणं हे प्लास्टिक सर्जनचं काम, आणि त्यानं मधुमेह जात नाही. इथे जठराला हात लावतात. स्लीव्ह या प्रकारात जठराचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि मागे एक अरुंद नळी उरते. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या वरच्या भागातच तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. बायपास या प्रकारात जठराची छोटी पिशवी करून तिला आतड्याचा पुढचा भाग जोडतात. अन्न मधला रस्ता टाळून पुढे जातं आणि आतड्याची संप्रेरकं बदलतात. मधुमेहाची साखर काही जणांमध्ये वजन फारसं उतरण्याआधीच खाली येऊ लागते, ती यामुळे. किलोंचं उत्तर मी आकड्यात देत नाही, हिश्शात देते: पहिल्या दीड-दोन वर्षांत एकूण वजनाचा चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा. नंतर त्यातलं थोडं परत येतं. हे शेवटचं वाक्य फोनवरच सांगून टाकलेलं बरं. ते ऐकून जे येत नाहीत, ते ऑपरेशननंतर तीन वर्षांनी रागावून येण्यापेक्षा आजच थांबलेले चांगले.

लोकांना या ऑपरेशनची माहिती बहुतेक बातम्यांतून असते. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ते करून घेतलं, हे अजून ऐकायला मिळतं. मग २०१७ साली इमान अहमद या इजिप्तच्या बाईंना मालवाहू विमानानं मुंबईत आणलं, तेव्हा त्यांचं वजन पाचशे किलोच्या आसपास असल्याचं घरोघर वाचलं गेलं. त्या बातमीनं बॅरिॲट्रिक हा शब्द सगळीकडे पोचवला, आणि त्याच्याच बरोबर असा समजही पोचवला की हे ऑपरेशन फक्त पलंगावरून उठता न येणाऱ्यांसाठी असतं. पुढची बाई त्याच समजाशी झगडत आलेली होती.

दहा

बारामतीकडच्या एका शाळेतल्या शिक्षिका. वजन ८२, उंची १५५ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय ३४ च्या थोडा वर. मधुमेह सहा वर्षांपासून, तीन गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन, तरी तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर. बरोबर नवरा आणि सासूबाई.

सासूबाई म्हणाल्या, ‘मॅडम, आमची सून एवढी काय जाड नाही हो. बाळंतपणानंतर सगळ्यांचंच वाढतं.’

त्यांचा स्वर प्रेमाचाच होता. पण जाड दिसणं आणि आजार असणं यांचा हिशेब आपल्याकडे वेगळा पडतो. आपल्या लोकांत चरबी पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते, आणि गोऱ्या माणसापेक्षा कमी बीएमआयवर मधुमेह गाठतो. म्हणूनच भारतातले सर्जन बरीच वर्षं पाश्चात्त्य आकड्यांपेक्षा अडीच अंक खाली धरत आले: मधुमेह, रक्तदाब असा सोबतचा आजार असेल तर ३२.५, नसेल तर ३७.५. मग २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आणि जागतिक अशा दोन्ही संघटनांनी मिळून मर्यादा आणखी खाली आणल्या, आणि आशियाई लोकांना २७.५ च्या पुढेच हा पर्याय द्यावा असं म्हटलं. या बाई कुठल्याही हिशेबानं बसतात.

मी काट्याचा आकडा सांगितला नाही, कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवला. आकडा मोठ्यानं वाचायचा नाही, हा नियम मी सगळ्या नर्सेसना घालून दिलाय. सासरची माणसं खोलीत असताना तर नाहीच. नवऱ्यानं विचारलं, ‘चालणं-बिलणं करून होणार नाही का?’ बाई तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, ‘सर, मी रोज दीड तास चालते. तुम्ही झोपलेले असता तेव्हा.’ नवऱ्याला त्या घरातही सर म्हणतात, कारण दोघं एकाच शाळेत आहेत.

इच्छाशक्ती कमी पडली म्हणून वजन राहिलं, असं या खोलीत कुणालाही म्हणू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलेलं आहे. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. हा त्याचा स्वभाव आहे, माणसाच्या चारित्र्याचा दोष नव्हे. सासूबाईंना ते पटलं की नाही ठाऊक नाही. पण त्यांनी पिशवीतून सुनेच्या गोळ्यांचा डबा काढला आणि एकेक गोळी कधी घेते ते मला तोंडपाठ सांगितलं. अशी माणसं घरात असली की पुढची दहा वर्षं सोपी जातात. मी त्यांचाही फोन नंबर फाइलवर लिहून घेतला.

तपासण्यांची यादी लांब असते: साखर, थायरॉइड, यकृत-मूत्रपिंड, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, पोटाची सोनोग्राफी, ईसीजी, टू-डी इको, छातीचा एक्स-रे, आणि तोंडावाटे दुर्बीण. बाई शाकाहारी आहेत, बी-१२ बहुधा आधीच कमी निघेल, आणि ते भरून काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुर्बिणीच्या नावानं लोक घाबरतात. पण जठर कापायचं तर ते आधी आतून पाहायला नको का? आत व्रण असेल, एच. पायलोरी हा जंतू असेल, जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला असेल, तर ऑपरेशनचा प्रकारच बदलतो. ज्याला आधीच घशाशी आम्ल येतं, त्याला स्लीव्हनंतर ते जास्त छळू शकतं. तिथे बायपासचा विचार करावा लागतो.

सव्वाअकरा

हे गृहस्थ श्रीगोंद्याकडचे, चार ट्रक आहेत, वजन १३२, उंची १७० सेंटिमीटर. रात्री आडवं झोपता येत नाही, खुर्चीत बसून झोपतात. दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते म्हणून दोन वर्षांपासून स्टेअरिंग सोडलंय. झोपेची तपासणी झालेली आहे, श्वास थांबण्याचा आजार जोराचा आहे, मास्कचं मशीनही विकत घेतलंय. मशीन माळ्यावर आहे.

त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर तीन सर्जनांची नावं, तिसरं आमच्या सरांचं. ‘ताई, खरं सांगा, यातला चांगला कोण?’

हा प्रश्न मला फार आवडतो, आणि त्याचं उत्तर मी आमच्याकडेच या असं देत नाही. सरांनाही ते माहीत आहे. कागद उलटा करून आम्ही दोघांनी प्रश्न लिहायला घेतले, तिघांनाही विचारायचे.

पहिला साधा आहे. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची आहे का, आणि शिक्षण एमएस किंवा डीएनबी जनरल सर्जरीचं आहे का. कौन्सिलच्या यादीत नाव शोधता येतं. पण जनरल सर्जन असणं पुरेसं नाही. बॅरिॲट्रिकचं वेगळं प्रशिक्षण कुठे घेतलं आणि वर्षाला स्वतःच्या हातानं अशी किती ऑपरेशनं करता, हे विचारायला लाजू नये. चांगला सर्जन हा प्रश्न ऐकून रागावत नाही. मग विचारायचं की तुम्ही स्लीव्ह आणि बायपास दोन्ही करता का. ज्याला एकच येतं, त्याला प्रत्येक पेशंट त्याच ऑपरेशनचा दिसतो.

पुढचा प्रश्न त्या गृहस्थांना विचारायला जड वाटत होता, म्हणून तो मीच जाड अक्षरात लिहिला: तुमच्या पेशंटना गळती झाली होती का, रक्तस्राव झाला होता का, आणि तेव्हा तुम्ही काय केलंत? ज्यानं पुष्कळ ऑपरेशनं केली आहेत त्याला कधी ना कधी हे पाहावं लागलेलं असतं. ‘आमच्याकडे असं काही होतच नाही’ हे उत्तर मिळालं तर तिथून उठावं. अमेरिकेत मोठ्या रुग्णालयांमधल्या पेशंटांच्या एका पाहणीत, जी २००९ साली प्रसिद्ध झाली, पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारात तीन होते. पित्ताशय काढण्यासारख्या रोजच्या ऑपरेशनांशी तुलना होईल इतका हा धोका आता कमी आहे, पण शून्य नाही, आणि तो कमी राहतो तो संकट लवकर ओळखल्यामुळे. म्हणून रात्री दोन वाजता त्या रुग्णालयात कोण असतं, आयसीयू आहे का, सीटी मशीन आणि दुर्बीण त्याच इमारतीत आहे का, हे बघायचं. सीटीच्या टेबलालाही वजनाची मर्यादा असते. तुमचं वजन त्यावर चालेल का, तेही आताच विचारून ठेवायचं.

भूलतज्ज्ञाबद्दल कुणी विचारत नाही, आणि या गृहस्थांच्या बाबतीत तर तोच माणूस सर्जनइतका महत्त्वाचा. मान आखूड, श्वास झोपेत थांबतो, घशात नळी घालणं अवघड जाणार. सर्जनांबरोबर नेहमीचा भूलतज्ज्ञ असतो की त्या दिवशी जो मिळेल तो येतो? ऑपरेशनआधी तो मला भेटणार का? स्टेपलरबद्दलही विचारावं. जठर कापताना आणि शिवताना जी काडतुसं लागतात ती महाग असतात, एका स्लीव्हला बहुधा चार ते सहा. बिल कमी करायचं तर पहिली काटछाट तिथेच होऊ शकते. उपकरण नवं आणि एकदाच वापरायचं आहे का, हे लेखी घ्यावं.

शेवटचा प्रश्न त्यांनी स्वतः सुचवला. ‘त्यांचे जुने पेशंट भेटवतील का?’ भेटवायला हवेत. पण सहा महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालेला नको. सहाव्या महिन्यात सगळेच खूश असतात. पँटी सैल होतात, लोक रस्त्यात ओळखत नाहीत. चार-पाच वर्षं झालेला माणूस मागा. त्याला विचारा की अजून रक्त तपासायला बोलावतात का, फोन केला तर उचलतात का. ऑपरेशन तास-दीड तासाचं. त्यानंतर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर, तपासणी दरवर्षी, आयुष्यभर. बायपासनंतर हे चुकलं तर हाडं झिजतात, हिमोग्लोबिन उतरतं. उलट्या होत राहिल्या आणि कुणी लक्ष दिलं नाही, तर बी-१ च्या कमतरतेनं मेंदूवर आणि नसांवर परिणाम होतो, तोही काही आठवड्यांत. सर्जन निवडताना तुम्ही ही पुढची वर्षं कुणाच्या हाती देताय ते निवडता.

आणि जो पहिल्याच भेटीत तारीख देईल, महिनाअखेरपर्यंत सवलत आहे म्हणेल, भिंतीवर फक्त आधीचे-नंतरचे फोटो दाखवेल, त्याचं नाव कागदावरून खोडा. तो हुशार असला तरी खोडा.

‘मशीनचं काय करू?’ त्यांनी विचारलं. मास्क नाकावर दाबतो, गुदमरायला होतं, म्हणून काढून ठेवलं होतं. मी त्यांना आमच्या श्वसनतज्ज्ञांकडे खाली पाठवलं. मास्कची मापं असतात, हे त्यांना विक्रेत्यानं सांगितलंच नव्हतं.

एक

डबा खातानाच हिंजवडीतल्या एका तरुणाची खाण्याची वही वाचली. बीएमआय ३६, मधुमेह नाही, रक्तदाब थोडा. त्याचं म्हणणं, इंजेक्शन आलंय तर पोट का कापायचं? टिर्झेपटाइड २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जूनमध्ये, आणि तेव्हापासून हा प्रश्न रोजचा आहे. प्रश्न रास्त आहे. ही औषधं खरोखर काम करतात, आणि त्याच्यासारख्याला आधी तीच करून पाहावीत असं माझंही मत आहे. फक्त ती थांबवली की वजन बहुतेकांचं परत चढतं, म्हणजे तीही दीर्घकाळ घ्यायची तयारी हवी, डॉक्टरांच्या नजरेखाली हवी, आणि खिशाचा विचार करून हवी. ज्यांचं वजन फार आहे त्यांना ऑपरेशनआधी थोडं उतरवायला किंवा नंतर परत चढलं तर ती उपयोगी पडतात. दोन्हींचं भांडण लावण्यात कुणाचंच भलं नाही. वहीत त्यानं रात्री बाराचं खाणं प्रामाणिकपणे लिहिलंय, त्याबद्दल त्याला शाबासकी दिली. अनेक जण वहीत आदर्श दिवस लिहितात आणि मग मला काहीच मदत करता येत नाही.

अडीच

विम्याचा तास. शिक्षिकेच्या नवऱ्याला मी थांबवून ठेवलं होतं, कारण हे आज कळलेलं बरं, तपासण्यांवर खर्च होण्याआधी.

विमा नियामकानं २०१९ साली वगळायच्या गोष्टींची व्याख्या सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. वजनाच्या ऑपरेशनला पैसे मिळतात, पण अटींवर: वय १८ किंवा अधिक, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त. ३५ पासून मिळायचे तर सोबत गंभीर आजार हवा, म्हणजे हृदयविकार, झोपेत श्वास थांबण्याचा जोराचा आजार किंवा आटोक्यात न येणारा टाइप टू मधुमेह, आणि ऑपरेशनाशिवायचे उपाय हरलेले हवेत. हे ४० आणि ३५ आले कुठून? अमेरिकेत १९९१ साली तज्ज्ञांच्या एका बैठकीत ते ठरले होते. तिथल्या सर्जनांनीही ते आता मागे टाकले. आपल्याकडच्या पॉलिसीत ते छापलेले आहेत, तेही अशा देशात जिथे मधुमेह त्याच्या पुष्कळ आधी येतो.

बाईंचा बीएमआय ३४. अजून दोन-अडीच किलो वाढलं तर विमा मिळेल. हे वाक्य मी उच्चारत नाही, पण समोरचे लोक ते स्वतःच मोजतात. नवऱ्यानंही मोजलं. ‘मग थोडं वाढवून येऊ का?’ त्यांनी विचारलं, आणि बाई उठून खिडकीशी गेल्या.

मला या अटीचा मनापासून संताप येतो. आजारी माणसाला आणखी आजारी होऊन ये, असं एखादा नियम सांगत असेल तर तो बदलायला हवा, आणि आमच्या सर्जनांच्या संघटनेनं आणि आपण सगळ्यांनी त्याच्या मागे लागायला हवं. तोवर मी एवढंच करू शकते: वजन मुद्दाम वाढवलं तर यकृतावरची चरबी वाढते, साखर आणखी बिघडते आणि ऑपरेशन जास्त धोक्याचं होतं, हे स्पष्ट सांगते, फाइलवर वजन खोटं लिहिणार नाही हेही सांगते, आणि खिशातून करायचं तर खोलीचा दर्जा, हप्ते, ट्रस्टची मदत, सरकारी रुग्णालय असे सगळे रस्ते मांडते. सामान्य वॉर्डमध्ये ऑपरेशन तेच असतं आणि सर्जनही तेच.

ट्रकवाल्या गृहस्थांची गोष्ट सोपी आहे. ४५ च्या वर बीएमआय, अटीत बसतात. त्यांच्याकडे फक्त पॉलिसीची पानं मागितली, कारण आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ संपलाय का ते त्या पानांतच कळतं. विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएला पत्र पाठवताना वजन कमी करायचे आधीचे प्रयत्न कागदावर लागतात. जिमच्या पावत्या, आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, जुने रिपोर्ट, जे असेल ते. लोक ते फेकून देतात. फेकू नका.

साडेतीन

मानसोपचारतज्ज्ञ सोमवारी साडेतीनला येतात. त्यांच्याकडे पाठवलं की लोकांना वाटतं आपल्याला वेडं ठरवताहेत. खरं म्हणजे त्यांना पाहायचं असतं ते वेगळंच: दुःखात खाता का, लपून खाता का, दारू किती, नैराश्याची गोळी चालू आहे का, ऑपरेशन तुम्हाला हवंय की लग्न जमवायचं म्हणून घरच्यांना. बायपासनंतर दारू रक्तात झपाट्यानं चढते आणि काही जणांना नव्यानं तिची सवय लागते, तेव्हा तो प्रश्न घरच्यांना बाहेर बसवूनच विचारावा लागतो.

आज भोरकडच्या एक मावशी होत्या, गुडघे पूर्ण गेलेले, हाडांच्या डॉक्टरांनी आधी वजन उतरवा म्हणून पाठवलेल्या. तंबाखू खाता का, या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठाम: ‘छे, बया. मी नाही खात.’ मी विचारलं, ‘आणि मिश्री?’ त्या हसल्या. मिश्री सकाळ-संध्याकाळ, लग्नाआधीपासून. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या लेखी ती दात घासण्यात मोडते, व्यसनात नाही. छापील फॉर्मवर फक्त ‘धूम्रपान’ आणि ‘तंबाखू’ असे दोन रकाने असले की या बायका सुटून जातात, म्हणून आमच्या फॉर्मवर मी मिश्री आणि गुटखा हे शब्द छापून घेतले. निकोटिननं जखम भरायला उशीर होतो, बायपासच्या जोडावर व्रण होऊ शकतो. निदान सहा आठवडे पूर्ण बंद, आणि नंतर कायमची बंद.

मावशींनी पदराला बांधलेली पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी ती परत दिली. असं एका क्षणात सोडलेलं टिकत नाही. दिवसातून दोनदाचं आधी एकदा, सोबत बडीशेप-लवंग, दर आठवड्याला फोन, असं ठरलं. सून सोबत होती, तीही लावते म्हणाली. दोघींनी मिळून सोडायचं ठरवलंय.

पाच

फाइलींची बैठक. सर्जन, मधुमेहाचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, आमची दुसरी आहारतज्ज्ञ आणि मी. एकेक फाइल उघडायची आणि ज्याला शंका आहे त्यानं ती बोलून दाखवायची. जिथे हे सगळे एका टेबलाशी बसत नाहीत, तिथे एकच माणूस सगळं ठरवतो, आणि एका माणसाची नजर कुठेतरी थकते.

एका मुलीला पुढच्या वर्षी मूल हवंय. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळावं लागतं, तेव्हा तिला आणि नवऱ्याला एकत्र बोलावून हे ठरवू द्यायचं. एकाच्या दुर्बिणीत एच. पायलोरी निघालाय, औषधाचा कोर्स आधी. शिक्षिकेच्या साखरेवर मधुमेहाच्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं की ऑपरेशनआधी ती आठच्या आसपास आणू, आणि सी-पेप्टाइड बघू. स्वादुपिंडात इन्सुलिन अजून बऱ्यापैकी बनत असेल तर मधुमेह मागे हटण्याची आशा जास्त. सहा वर्षांचा मधुमेह आहे, पंधराचा नाही, याचं सगळ्यांनाच बरं वाटलं. दोन वर्षं विम्याची वाट बघत बसण्यात काय जाईल, ते इथे दिसतं.

एका फाइलला आज होकार मिळाला. त्यांना दोन आठवड्यांचा द्रव आहार द्यायचा: प्रोटीनची पावडर, ताक, मुगाचं पाणी, सूप. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. चरबीनं फुगलेला असेल तर सर्जनला मागचं दिसत नाही. या दोन आठवड्यांत तो आकसतो. हा उपास शिक्षा म्हणून नसतो, हे सांगितलं की लोक तो मन लावून करतात. तारीख ठरते ती या आहाराच्या पहिल्या दिवसापासून पुढे मोजून.

सव्वासहा

निर्णय फोनवर मीच कळवते, मेसेजनं नाही. होकार असो की थांबा, माणसाचा आवाज ऐकायला हवा.

श्रीगोंद्याचे गृहस्थ मात्र माझ्या आधीच फोनवर होते. त्यांनी दुपारीच कागदावरच्या दुसऱ्या सर्जनांना गाठलं होतं, अहिल्यानगरच्या. सगळे प्रश्न विचारले म्हणाले, गळतीचासुद्धा. ‘ते म्हणाले, माझ्याकडे झाली होती, दोघांना. काय केलं ते सगळं सांगितलं बघा, वही काढून. भूलतज्ज्ञाशीही फोनवर बोलायला दिलं.’ घरापासून तासाच्या अंतरावर आहे. रात्री उलट्या सुरू झाल्या तर पुण्याला येणं आणि तिथे जाणं यात फार फरक पडतो. ‘ताई, राग नका मानू, मी तिकडेच करतो.’

राग कशाचा मानायचा? मी म्हटलं, दादा, बरोबर निवडलंत. आजचे रिपोर्ट, झोपेची जुनी तपासणी आणि मास्कचं नवं माप, सगळं त्या डॉक्टरांना पाठवते, तुम्हाला पुन्हा रक्त द्यायला लागू नये. दर वर्षीच्या तपासणीचा तक्ताही त्यातच घालते, पहिला महिना, तिसरा, सहावा, बारावा, आणि मग पुढची सगळी वर्षं; त्यांच्याकडे असेलच, पण तुमच्याकडेही एक प्रत असू दे. आणि सर्जन कुणीही असो, मशीन आज रात्रीच खाली काढा. ऑपरेशनआधी काही आठवडे रोज लावलंत तर भूल देणाऱ्याचं काम सोपं होईल.

‘पोरगा चढलाय माळ्यावर,’ ते म्हणाले. मी त्यांच्या नव्या डॉक्टरांचा ईमेल लिहून घेतला आणि स्कॅनरजवळ फाइल नेली.